'काहून' आणि 'कायले': इंग्रजी क्रियाविशेषणांचा वऱ्हाडातून आढावा

"तू काहून आला?" आणि "तू कायले आला?" हे दोन प्रश्न वऱ्हाडात एकच नाहीत. पहिल्यात येण्यामागचे कारण विचारले जाते, दुसऱ्यात येण्याचा हेतू. 'कायले'ला बोलण्यात बरेचदा नाराजीची धारही येते. प्रमाण मराठीत 'का' आणि 'कशाला' अशी जोडी आहे, पण 'का' एवढासा शब्द वाक्यात विरून जातो. 'काहून' तसा विरत नाही. त्यातला 'हून' पंचमीचा दिसतो, म्हणजे 'कशापासून, कशातून'. 'कायले'तला 'ले' चतुर्थीचा, म्हणजे 'कशासाठी'. कारण मागून येते आणि हेतू पुढे असतो, हा भेद बोलीने प्रत्ययातच ठेवला आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'व्हाय' चालतो. हेतू वेगळा विचारायचा झाला तर 'व्हॉट फॉर' म्हणावे लागते.

आणि तरीही अकोल्याचा किंवा अमरावतीचा मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो तेव्हा त्याला वाटते, क्रियाविशेषण ही आपल्याकडे नसलेली, पाठ करून आणायची वस्तू आहे. वहीत तक्ता असतो: कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक, वारंवारतादर्शक, प्रश्नार्थक, निषेधार्थक. तक्ता पाठ असतो. अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले 'अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखा' हा प्रश्न बिनचूक सोडवतात आणि त्याच शब्दाचे वाक्य करताना अडखळतात. मी हे वर्षानुवर्षे वर्गात पाहत आलो आहे. दोष मुलांच्या बुद्धीत नाही. प्रकार कशासाठी पाडले, हा प्रश्न तक्ता विचारतच नाही.

म्हणून आधी हा तक्ता आला कुठून ते पाहू.

ग्रीक व्याकरणकारांनी या शब्दजातीला 'क्रियापदाच्या जोडीचा शब्द' अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनने त्याचे भाषांतर केले आणि इंग्रजीने तेच घेतले. आपला 'क्रियाविशेषण' शब्दही त्याच अर्थाच्या वाटेवरचा आहे, फक्त तो संस्कृतातून घडला. डायोनिसियस थ्राक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात याचे वीसहून अधिक प्रकार सांगितले आहेत. त्यात काळ, स्थळ, संख्या आहेत, तसेच इच्छा, शपथ आणि दुःखोद्गारही आहेत, कारण ग्रीकांनी केवलप्रयोगी अव्ययांची वेगळी जात मानली नव्हती. ती लॅटिन व्याकरणकारांनी काढली. स्टोइक विचारवंतांनी क्रियाविशेषणाला दिलेले नाव मला फार महत्त्वाचे वाटते: सगळे काही सामावून घेणारा. दुसऱ्या कुठल्याच जातीत न बसलेले शब्द या घरात आणून ठेवले गेले, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. तेथून आजपर्यंत क्रियाविशेषणांच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे या घरातल्या सामानाची वाटणी पुन्हा पुन्हा करण्याचा इतिहास आहे.

इंग्रजीत लिंडली मरे यांचे व्याकरण १७९५ मध्ये आले आणि पुढे कित्येक दशके शाळांत चालले. भारतात नेसफील्ड यांच्या पुस्तकांनी आणि १९३० च्या दशकात रेन व मार्टिन यांच्या पुस्तकाने घर केले. रेन भारतीय शिक्षण सेवेत होते. रेन-मार्टिनची प्रत आजही अमरावतीच्या पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते. सुटे, प्रश्नार्थक आणि संबंधी हे तीन मोठे भाग, आणि सुट्यांच्या पोटात काळ, वारंवारता, स्थळ, रीत, प्रमाण, होकार-नकार, ही मांडणी आपल्या मुलांपर्यंत या पुस्तकांतून आली.

मराठीतही गोष्ट फार वेगळी नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आपल्या आठ शब्दजाती इंग्रजीच्या आठांशी एकास एक जुळतात, हा योगायोग नाही. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आधीच्या व्याकरणकारांची मते एकेक करून तपासली आणि मराठीचे स्वतःचे वागणे पाहण्याचा आग्रह धरला. अरविंद मंगरूळकरांनी पुढे 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करताना हाच धागा धरला. पण वर्गात पोचला तो तक्ताच. वऱ्हाडचा विद्यार्थी एकच साचा दोन भाषांच्या दोन तासांत दोनदा पाठ करतो, आणि दोन्ही भाषा त्या साच्यातून कुठे बाहेर पडतात हे त्याला कोणी दाखवत नाही.

पहिली फट 'चांगला' या शब्दात दिसते.

मराठीत क्रियाविशेषण अव्यय असते, बदलत नाही, असे शिकवतात. मग "तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते" याचे काय? शब्द क्रियेबद्दल बोलतो आणि लिंग कर्त्याचे घेतो. वर्गात शिकवणारे यातून वाट काढतात ती अशी: हे क्रियाविशेषण आहे, पण अव्यय नाही. ही वाट बरोबर आहे, पण तिथे थांबण्यासारखे खूप आहे. वऱ्हाडी ऐका: "पोट्टा चांगला खेयते, पोट्टी चांगली खेयते." वर्तमानकाळी क्रियापदावर इथे लिंगाची खूण उरलेली नाही, दोघांनाही 'खेयते'च. लिंग सांगण्याचे काम क्रियाविशेषणाने एकट्याने उचलले आहे. ज्याच्या कानात हे वाक्य लहानपणापासून आहे, त्याला 'चांगला' हा खेळणाऱ्याला चिकटलेला शब्द वाटणार हे उघड आहे. तो "शी सिंग्ज गुड" लिहितो तेव्हा तो आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतो. इंग्रजी नियम वेगळा आहे: गाण्याबद्दल बोलायचे तर 'वेल', गाणारीबद्दल बोलायचे तर 'गुड'. दोन्हींतला फरक मराठीत दाखवता येतो. "ती चांगल्या रीतीने गाते" म्हणून पाहा, 'चांगली' सुटून जाते. ही कसोटी मुलाला एकदा दिली की 'वेल' त्याला पाठ करावा लागत नाही.

हाच मुलगा नियम शिकल्यावर उलट्या बाजूला चुकतो. "द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली" लिहितो, कारण क्रियापदाजवळ 'ली' हवाच असे त्याच्या मनावर बिंबलेले असते. पण फूल इथे काही करत नाही, ते कसे आहे हे सांगायचे आहे. तिथे इंग्रजीला विशेषणच लागते. 'कसा' या मराठी शब्दातही हीच दुहेरी आहे: "तू कसा आहेस" यात माणूस विचारला, "तू कसा आलास" यात येण्याची रीत. दोन्ही ठिकाणी 'कसा' हा 'कशी' होतो. इंग्रजीचा 'हाउ' कधीच बदलत नाही.

'ली' या प्रत्ययाबद्दल थोडे. जुन्या इंग्रजीत त्याचे मूळ 'शरीर, रूप' अशा अर्थाच्या शब्दात आहे. फ्रेंच-स्पॅनिश भाषांनी याच कामासाठी लॅटिनचा 'मन' हा शब्द घेतला. मराठीने 'पणे' घेतले, 'पूर्वक' घेतले, आणि सर्वांत जास्त काम तृतीयेच्या 'ने'कडून करून घेतले: रागाने, आनंदाने, जोराने. आता 'रागाने' हे नाम की क्रियाविशेषण, यावर वाद घालता येतो. 'सकाळी, रात्री' यांचेही तसेच. नामाला विभक्ती लागून जो शब्द तयार झाला तो क्रियेचे विशेषण होऊन बसला. इंग्रजीत मात्र 'इन द मॉर्निंग' हे तीन शब्द होतात आणि वाक्यात क्रियाविशेषणाचेच काम करतात. म्हणून रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या प्रचंड इंग्रजी व्याकरणात शब्दाची जात आणि वाक्यातले काम वेगळे केले. क्रियाविशेषण ही जात, आणि त्या जागी बसणारे पद, मग ते एका शब्दाचे असो की सहा शब्दांचे, हे काम. शाळेच्या तक्त्यात हा भेद यायला हवा होता. इतक्या वर्षांनीही तो आलेला नाही, याची मला खंत आहे.

क्वर्क यांनी कामाचे जे भाग पाडले ते वऱ्हाडीत सहज सापडतात. काही शब्द क्रियेला लागतात: 'हयूहयू चाल'. काही सबंध वाक्यावर बोलणाऱ्याचे मत ठेवतात: 'खरं म्हणजे', 'बहुधा', 'सुदैवाने'. काही दोन वाक्यांना जोडतात: 'मंग', 'म्हणून'. "ऑनेस्टली" हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला तर बोलणारा प्रामाणिकपणे सांगतो आहे, शेवटी आला तर कर्ता प्रामाणिकपणे वागला. अमेरिकेत "होपफुली" या शब्दाने वाक्य सुरू करावे की नाही यावर कित्येक वर्षे भांडण चालले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तकात ते २०१२ मध्ये मान्य केले. आपल्याकडे 'सुदैवाने' बद्दल असे भांडण कुणी केले नाही. तो शब्द वाक्यावर बसतो, क्रियेवर नाही, हे सगळ्यांना कळत होते.

आता जागेचा प्रश्न, कारण चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. शाळेत सांगतात: इंग्रजीत क्रियापदानंतर आधी रीत, मग स्थळ, मग काळ. मुले हे सूत्र म्हणून पाठ करतात. पण मराठी वाक्य शेजारी ठेवा: "काल तो अमरावतीत फार छान बोलला." काळ, स्थळ, रीत, मग क्रियापद. इंग्रजीत: "ही स्पोक व्हेरी वेल इन अमरावती यस्टर्डे." क्रियापद, रीत, स्थळ, काळ. दुसरे वाक्य पहिल्याचे आरशातले रूप आहे. दोन्हींत रीत क्रियापदाला चिकटून आहे आणि काळ सर्वांत लांब. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत कर्त्यामागोमाग, एवढाच फरक. क्रमाची ओढ दोन्हींची एक. गुल्येल्मो चिंक्वे या इटालियन भाषाशास्त्रज्ञांनी १९९९ च्या पुस्तकात मांडले की जगातल्या भाषांत क्रियाविशेषणांचा एक समान क्रम आहे आणि त्यात सुमारे तीस पायऱ्या आहेत. त्यांचे सगळे म्हणणे मान्य नसलेले अभ्यासक पुष्कळ आहेत. पण आरशाचा हा एक प्रयोग फळ्यावर केला की मूर्तिजापूरच्या मुलालाही त्या विचाराचा गाभा पाच मिनिटांत दिसतो, आणि सूत्र पाठ करण्याची गरज संपते.

'ओन्ली' ही त्याहून नाजूक गोष्ट. मराठीत 'च' आहे. "मीच अकोल्याला जातो", "मी अकोल्यालाच जातो", "मी अकोल्याला जातोच". एका अक्षराने तीन वेगळी वाक्ये केली. 'च' ज्याला चिकटतो त्याच्यावर बोट ठेवतो. आपण 'च' ला शब्दयोगी अव्ययांत टाकतो, 'सुद्धा' आणि 'देखील' यांच्यासोबत. इंग्रजीत त्यांच्या जागी येणारे 'ओन्ली', 'ऑल्सो', 'ईव्हन' हे क्रियाविशेषणांच्या यादीत. म्हणजे वर्गीकरणाची भिंत दोन भाषांत वेगळ्या जागी आहे. शिवाय मराठीचा 'च' शब्दाच्या मागे लागतो, इंग्रजीचा 'ओन्ली' शब्दाच्या आधी येतो. त्यामुळे आपण "आय ॲम गोइंग टुमॉरो ओन्ली" म्हणतो. बोलताना भारतभर हे समजते, परीक्षेत गुण जातात. 'च' ज्या शब्दाला लागतो तो शोध, आणि 'ओन्ली' त्याच्या आधी ठेव, एवढे सांगितले तरी पुरते.

काळाची क्रियाविशेषणे सोपी समजली जातात. ती तशी नाहीत. 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही: "परवा आला", "परवा येईल". दिशा क्रियापद ठरवते. इंग्रजीत एका शब्दाच्या जागी दोन लांबलचक पदे लागतात. उलट "मी कालच आलो आहे" हे मराठीत पूर्ण शुद्ध, पण "आय हॅव कम यस्टर्डे" इंग्रजीत चालत नाही, कारण त्या भाषेत 'हॅव'ची रचना आजशी जोडलेली असते आणि 'यस्टर्डे' ती जोड तोडतो. "तीन वर्षांपासून"चे "सिन्स थ्री इयर्स" होते, कारण 'पासून' मुदतीलाही लागतो आणि आरंभालाही. इंग्रजीने ती दोन कामे 'फॉर' आणि 'सिन्स' यांत वाटली. 'जवा-तवा', 'जठी-तठी' या जोड्यांमुळे मुले "व्हेन आय केम, देन ही लेफ्ट" लिहितात. मराठीत दुसरा शब्द वाक्य तोलून धरतो, इंग्रजीत तो जास्तीचा होतो.

परिमाणवाचकांवर फार थांबत नाही. 'फार' हा शब्द 'पुष्कळ' आणि 'प्रमाणाबाहेर' या दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून 'व्हेरी' आणि 'टू' यांची गल्लत होते. 'बम पानी आलं' यातला 'बम' खूप, पण तक्रार नाही. तिथे 'टू' येणार नाही. 'हार्ड' आणि 'हार्डली', 'लेट' आणि 'लेटली' या जोड्या पाठच कराव्या लागतात, तिथे दुसरा उपाय नाही. 'नॉट' क्रियाविशेषणांत आणि आपले 'नाही' क्रियापदासारखे चालणारे, नाही-नाहीत-नव्हता असे. एवढा फरक लक्षात असला की पुरे.

एक जागा अशी आहे जिथे मराठी श्रीमंत आहे आणि इंग्रजी वेगळ्या रस्त्याने जाते. पटकन, झटकन, धाडकन, गपकन, सरसर, घटाघटा. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात अशा नादशब्दांची दाटी आहे. मराठीत क्रियापद साधे ठेवून रीत क्रियाविशेषणात भरतात: "घटाघटा पाणी प्यायला", "झटकन उठला". इंग्रजी बरेचदा ती रीत क्रियापदातच ओतते. पिण्यासाठी 'गल्प', उठण्यासाठी 'स्प्रँग', चालण्याच्या तऱ्हांसाठी तर डझनावारी क्रियापदे. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञांनी भाषा गतीचे वर्णन कुठल्या शब्दात साठवतात यावर काम केले, ते इथे उपयोगी पडते. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे हळूहळू चालायची, हे इंग्रजीत लिहिताना मुलगा 'स्लोली' शोधतो. त्याला 'क्रॉल' हे क्रियापद सापडले की वाक्य जागेवर येते. घटाघटासाठी इंग्रजी क्रियाविशेषण शोधत बसणे व्यर्थ आहे, शोध क्रियापदांत करायचा, हे भाषांतर करणाऱ्याला अनुभवाने कळत गेले. तक्त्यात मात्र ते कधी उतरले नाही.

सर्वांत मोठी उलथापालथ 'वर', 'खाली', 'पुढे' या शब्दांची. "तो वर गेला" यात 'वर' क्रियाविशेषण, "झाडावर गेला" यात शब्दयोगी. शब्द एकच, अर्थ एकच, जात दोन. इंग्रजी 'अप'चेही अगदी तसेच. ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच विचारले होते की क्रियापदाला कर्म असो वा नसो आपण त्याला क्रियापदच म्हणतो, मग याच शब्दांच्या दोन जाती का करायच्या? हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ च्या केंब्रिज व्याकरणात हा विचार शेवटास नेला. 'हिअर', 'देअर', 'अप', 'डाउन' यांना त्यांनी क्रियाविशेषणांतून काढून दुसऱ्या घरात ठेवले. 'यस्टर्डे'सुद्धा त्यांनी तिथून हलवला. स्थलवाचक क्रियाविशेषणांचा अर्धा तक्ता यामुळे रिकामा होतो. मला हे पटते, आणि मराठीसाठी तर जास्तच पटते, कारण आपला 'वर' नामाला अक्षरशः चिकटतो आणि सुटतो, अर्थ न बदलता. परीक्षेत जुना तक्ताच विचारतात, म्हणून मुलाला तो यायलाच हवा. पण शिकवणाऱ्याला तरी माहीत असावे की ही भिंत आता हलली आहे.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे तक्ता आणखी लहान वयात पोचला. वऱ्हाडीतले मूल घरी 'अठी-तठी', 'कदी', 'काहून', 'बम' बोलते, शाळेत प्रमाण मराठीत 'इथे-तिथे', 'का', 'खूप' शिकते, आणि लगेच 'हिअर', 'देअर', 'व्हाय', 'व्हेरी'. तीन थर. मधला थर पक्का नसताना तिसऱ्याचे नियम घालतात आणि पहिल्या थराला तर 'अशुद्ध' म्हणून बाहेरच ठेवतात. ज्या थरात कारण आणि हेतू यांचा भेद रोजच्या दोन शब्दांत उभा आहे, तोच बाहेर! इंग्रजीचे क्रियाविशेषण शिकवायला सुरुवात तिथूनच केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गाडगेबाबांचे कीर्तन समोर बसलेल्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत विचारत पुढे जायचे. त्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या माणसांना क्रियाविशेषणाची व्याख्या येत नव्हती, पण 'काहून'ला काय उत्तर द्यायचे आणि 'कायले'ला काय, हे बरोबर कळत होते.

यासाठी लागणारी सामग्री विखुरलेली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' कादंबरीत वऱ्हाडी संवाद भरभरून आहेत. लीळाचरित्र ज्या रिद्धपूरशी जोडलेले आहे तिथे, अमरावती जिल्ह्यातच, आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. १९८३ पासून अमरावतीत विद्यापीठ आहेच, त्याच्या महाविद्यालयांत इंग्रजी आणि मराठीचे विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात. दोन्ही विभागांतल्या चार-सहा शिक्षकांनी 'धग'मधली क्रियाविशेषणे वेचली, प्रत्येकापुढे ते कुठे बसते, कशाला लागते, इंग्रजीत त्याचे शब्दाने होते की क्रियापदाने की सबंध पदाने, एवढे टिपले, तर शंभर-दीडशे नोंदींचा एक छोटा कोश तयार होईल. पहिल्या पानावर 'अठी' येईल. 'काहून'पाशी 'व्हाय' लिहावा लागेल, 'कायले'पाशी 'व्हॉट फॉर', आणि 'बम'पाशी दोन नोंदी कराव्या लागतील, कारण तो कधी पाण्याला लागतो आणि कधी येण्याला.